सगळ्या बाजूंनी वाकडी

डावा डोळा तळहाताने झाका, उजव्याने या कागदाकडे बघा आणि सगळ्या रेघा सरळ दिसतात का ते सांगा, असं त्या पोरीने म्हटलं तेव्हा रामरावांना हसूच आलं. सोनाराला कुणी विचारावं, बाबा, पितळ आणि सोनं यातलं तुला काही कळतं का. यवतमाळच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळी नऊपासून बाकावर बसून त्यांची कंबर धरली होती, जिभेला कोरड पडली होती, आणि चष्म्याचा नंबर वाढला एवढं सांगायला या लोकांना दुपार कशाला लागते ते कळत नव्हतं. पण या प्रश्नाने त्यांना एकदम बरं वाटलं. पोरीच्या पांढऱ्या कोटावर अर्पिता असं नाव होतं. वय असेल बावीस-तेवीस. राजूरकडच्या एका खाणीच्या वसाहतीत साहेब लोकांच्या क्लबात या म्हाताऱ्याने एकतीस वर्षं मार्करची नोकरी केली, म्हणजे बिलियर्डच्या टेबलाशी उभं राहून चेंडू मांडले, गुण पुकारले आणि काठ्या सांभाळल्या, हे तिला कुठून ठाऊक असणार. त्या काठीला साहेब लोक क्यू म्हणत, नवी पोरं पूलची स्टिक म्हणत. रामरावांसाठी ती नुसती काठी होती, आणि ती सरळ आहे की नाही हे सांगणारा त्यांच्यासारखा माणूस वणीपासून चंद्रपूरपर्यंत नव्हता. हे ते स्वतः म्हणत नसत, पण कुणी म्हटलं तर नाहीही म्हणत नसत. तर रामरावांनी डावा डोळा झाकला, कागद वीतभर लांब धरला आणि एका नजरेत निकाल दिला, "हा कागद बरोबर छापला नाई, पोरी. मधल्या रेघा खाली दबल्या हायेत."

पोरगी म्हणाली की कागद बरोबर आहे काका, रोज पन्नास पेशंट बघतात. रामरावांना तिचा राग आला नाही, कीव आली. आजकाल कोण बघतं नीट. त्यांनी सवयीनेच कागद हातात फिरवला, पाव वळण. आता ज्या उभ्या होत्या त्या रेघा आडव्या झाल्या, आणि त्याही मध्यावर खाली दबलेल्या. त्यांनी कागद आणखी फिरवला, उलटा केला. छपाईची चूक असती तर तो दबलेला भाग आता वर यायला हवा होता. तो वर आला नाही. जिथे होता तिथेच, कागदाच्या मधोमध, खालच्या अंगाला तसाच बसून होता. रामरावांचा हात थांबला. पोरगी काहीतरी लिहीत होती. त्यांनी पुन्हा एकदा कागद फिरवला, अगदी हळू, जशी काठी फिरवतात तशी, अंगठा आणि दोन बोटांत धरून. कागद फिरला, बाक फिरला नाही. मग त्यांनी डाव्या डोळ्यावरचा हात काढून उजव्यावर ठेवला. सगळ्या रेघा दोरी लावून आखल्यासारख्या सरळ होत्या.

आत डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या डोळ्याच्या पडद्यावर सुरकुती आली आहे. दोन्ही डोळे उघडे असले की डावा सांभाळून घेतो, म्हणून इतके दिवस कळलं नसेल. नागपूरचे सर्जन दर गुरुवारी येतात, त्यांच्याकडून सुरकुती काढून घेता येईल, रेघा बऱ्याच सरळ दिसायला लागतील. रामरावांना सुरकुती हा शब्द लगेच समजला. टेबलावरच्या हिरव्या कापडाला नखाएवढी सुरकुती आली तरी सरळ मारलेला चेंडू वाट सोडतो. त्यांनी एवढंच विचारलं की हे कधीपासून असेल. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, पण ताजं नाही हे, पाच-सहा वर्षं तरी झाली असावीत. रामराव मनातल्या मनात वर्षं मोजू लागले आणि चौथ्या वर्षाशी येऊन थांबले. त्यांचा पोरगा अतुल जाऊन तीन वर्षं होत आली होती. त्याने ती काठी केली त्याला चार होऊन गेली होती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा धरला. तोही मध्यावर खाली दबलेला आहे का हे बघायचा त्यांना धीर झाला नाही.

वणीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. काठी कशी बघायची हे रामरावांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्यांनी ते फक्त एकाला शिकवलं. बाकीचे लोक काठी टेबलावर ठेवून लाटतात. सरळ काठी पाण्यासारखी वाहत जाते, वाकडी उड्या मारते, तिच्याखाली उजेडाची फट उघडते आणि मिटते. कुणालाही कळेल असं ते काम आहे आणि म्हणूनच रामरावांना त्याचा तिटकारा होता. काठी लाटणाऱ्याला ते पोळीवाला म्हणत. लाटल्याने कापड घासतं, असं त्यांनी पहिल्या वर्षीच सेक्रेटरी साहेबांच्या गळी उतरवलं होतं आणि भिंतीवर पाटी लावून घेतली होती, टेबलावर काठी लाटू नये. त्यानंतर एकतीस वर्षं त्या टेबलावर कुणी काठी लाटली नाही. काठी रामरावांच्या हातात यायची. ते बुंधा गालाशी टेकवत, डावा डोळा मिटत, आणि उजव्या डोळ्याने त्या लांबलचक लाकडावरून नजर अशी सोडत की ती थेट टोकाच्या चामडी टोपीवर जाऊन उतरावी. मग काठी सावकाश फिरवत. हॉलमध्ये साहेब लोक, त्यांची पोरं, सगळे गप्प. कुणीतरी विचारायचं, "क्यूं मार्कर, कैसी है?" आणि रामराव एकच शब्द बोलत, सीधी किंवा टेढी. त्या शब्दावर अपील नव्हतं. साहेबांच्या बदल्या झाल्या, टेबलाचं कापड सहा वेळा बदललं, पण तो एक शब्द तसाच राहिला होता. रुखमाबाई, त्यांची बायको, असेपर्यंत म्हणायची की घरात तुम्हाला कुणी पाणी विचारत नाही आणि तिकडं म्हणे कोर्टाचे जज. त्यात थट्टा होती, पण थोडा अभिमानही होता.

अतुल बारा वर्षांचा असेल तेव्हा त्यांनी त्याच्या गालाशी पहिल्यांदा काठी टेकवली. डोळा मिटताना त्याचे दोन्ही मिटायचे. मग तो एका हाताने पापणी दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने काठी पेलत नसे म्हणून ती रामराव धरायचे. त्याच दिवशी त्यांनी त्याला पहिला धडा दिला. लाकडात बाक असला तर तो लाकडाबरोबर फिरतो. काठी अर्धी फिरवली की खालचा बाक वर आलाच पाहिजे. आणि काठी फिरवली पण बाक जागचा हललाच नाही तर? पोरगं विचारात पडलं होतं. रामराव हसून म्हणाले होते, "तं मंग काठीत काही नाई. मंग समजायचं का मार्कर पिऊन आला हाय." अतुल एवढा हसला होता की काठी टेबलाच्या कडेवर आपटली. बस करंजीच्या चौकात थांबली, मोठ्या रस्त्यावरून हैदराबादकडचे ट्रक एकामागून एक चालले होते, आणि रामरावांना ते हसू जसंच्या तसं ऐकू आलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मिटले तरी तो चौकटींचा कागद समोर होता.

ती काठी अतुलने चार महिने केली. लाकूड आणून दिलं धरमसिंगने. धरमसिंग क्लबचा चौकीदार, रामरावांपेक्षा वयाने थोडा लहान, तांड्यावरचा माणूस. त्याच्या बापाची जुनी बंडी, म्हणजे बैलगाडी, मोडली तेव्हा तिची धावड्याच्या लाकडाची दांडी तो खांद्यावर घेऊन आला होता. तीस वर्षं ऊनपाऊस खाल्लेलं लाकूड, आता ते काय वाकणार. साहेब लोक हसले. क्यू म्हणजे परदेशी लाकडाचा, पॉलिशचा, आणि हा मार्करचा मुलगा बैलगाडीच्या दांडीचा क्यू करतोय. अतुलने ऐकून घेतलं. तो मुळातच ऐकून घेणारा होता. दांडी चिरून त्याने रंधा मारला, मग रंधा ठेवून काचेच्या तुकड्याने खरवडत बसला, बुंध्याकडून टोकाकडे, दर वेळी केसभर. नुकतंच लग्न झालेलं, दीपा घरात आलेली, आणि हा अंगणात लाकडाचा भुसा अंगावर घेऊन बसलेला. रामराव येताजाता बघत पण हात लावत नसत. पूर्ण झाल्याशिवाय काठी बघायची नाही हा त्यांचा नेम होता, मग ती कुणाचीही असो. पूर्ण झाली त्या दिवशी अतुल ती क्लबात घेऊन आला. सगळ्यांसमोर दाखवायची होती ना. रामरावांनी बुंधा गालाशी टेकवला, डावा डोळा मिटला. काठी मध्यावर खाली दबलेली दिसली. त्यांनी फिरवली. पुन्हा दबलेली. पुन्हा फिरवली. आणि बसच्या खिडकीला डोकं टेकवून बसलेल्या रामरावांना आपलं ते वाक्य आठवलं, स्वतःच्या आवाजात, पोराच्या चार महिन्यांच्या मेहनतीवर, सगळ्यांच्या देखत. "हे तं सगळीकून वाकडी हाय."

सगळीकून. कोणतंही लाकूड सगळ्या बाजूंनी खाली वाकलेलं असू शकत नाही. बारा वर्षांच्या पोराला जे कळत होतं ते सत्तावन्न वर्षांच्या मार्करला त्या दिवशी कळलं नाही. कळलं नाही म्हणजे काय, कळून घेतलं नाही. ते म्हणाले होते की धावडा असाच हट्टी, कुठूनही बघा, बाक सोडत नाही. अतुल चिडला नव्हता. त्याने काठीकडे पाहिलंच नाही. तो बापाच्या तोंडाकडे बघत राहिला होता, आधी डाव्या डोळ्याकडे, मग उजव्याकडे, आणि उजव्यावरच थांबला होता. एवढंच विचारलं होतं त्याने, "सगळीकून, बाबा?" रामराव हो म्हणाले. पोरगं काठी घेऊन घरी गेलं. त्याच महिन्यात मेरठहून क्लबासाठी सहा नव्या काठ्या आल्या होत्या आणि सहाही रामरावांनी टेढी म्हणून परत पाठवल्या. नवे सेक्रेटरी साहेब खांदे उडवून म्हणाले, ठीक है, आप ही जानो. मागे दोघं-तिघं हसले होते. ते का हसले हे रामरावांना तेव्हा कळलं नव्हतं. निवृत्तीला एक वर्ष होतं. अतुलला ते हसू ऐकू आलं असणार, तो खिडकीपाशीच उभा होता. तेव्हाच त्याने काय करायचं ते ठरवलं असेल का? की घरी जाऊन, चुलीपाशी बसून?

पुढचे तीन आठवडे अतुल काठी शेकत होता, ओल्या फडक्यात गुंडाळून दगड लटकावत होता. काय करतोस म्हणून दीपाने विचारलं तर म्हणे, सरळ करून राह्यलो. पुन्हा एकदा दाखवली, पुन्हा रामराव नाही म्हणाले. वाकड्या काठीने माझ्या टेबलावर कुणी खेळणार नाही, पोटचा पोरगा का असेना, असं ते बोलले आणि बोलून छाती थोडी फुगली. तिसऱ्या वेळी अतुल म्हणाला, तुमचं मनगट दुखून राह्यलं ना बाबा, मी धरतो, तुमी पाहा. त्याने बुंधा स्वतःच बापाच्या गालाशी टेकवला, बोटांनी थोडं मागेपुढे करून जागेवर आणला आणि घट्ट धरला. रामरावांनी डोळा मिटला. काय रेघ होती ती. जन्मात अशी सरळ काठी पाहिली नव्हती. नजर बुंध्यावरून सुटली आणि कुठेही न अडखळता टोकावर जाऊन बसली. "सीधी," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले, पोराचा खांदा त्यांनी दाबला. फिरवून बघायचं राहून गेलं. फिरवावंसं वाटलंच नाही. बुंध्यावर, अगदी वरच्या अंगाला, तापल्या सुईने डागलेला एक काळा ठिपका होता. हे काय, असं त्यांनी विचारलं. अतुल हसून म्हणाला, नजर लागू नये म्हणून. लेकराला लावतात ना गालावर, तसं. रामरावांना ते फार आवडलं. पुढे आठवडाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ठिपका दाखवत होते.

मारेगाव गेलं. बसमध्ये कुणीतरी वांगी आणि सांभाराची जुडी घेऊन चढलं, कोथिंबिरीचा हिरवा वास पसरला. रामरावांना मॅचचा दिवस आठवायचा नव्हता. पण तो आलाच. सहा खाणींच्या क्लबांची स्नूकरची स्पर्धा, अंतिम सामना, दुपारची वेळ, हॉलभर खुर्च्या. जिंकणारा नागपूरला जाणार होता, आणि सेक्रेटरी साहेबांनी आडून सांगितलं होतं की पोरगा नागपूरला गेला तर तुमच्या जागी त्यालाच ठेवू. अतुल छान खेळत होता. फक्त दर फटक्याआधी तो बुंध्याकडे बघायचा आणि काठी जराशी फिरवून घ्यायचा, मगच वाकायचा. दर वेळी. रामरावांना ते बघवेना. हे कसलं नखरेल खूळ शिकला हा पोट्टा. लोक काय म्हणतील, मार्करच्या पोराला काठी धरता येत नाही. शेवटी टेबलावर एकच काळा चेंडू राहिला, समोरच्या कोपऱ्यातल्या खिशाच्या रेषेत, कुणीही घालावा असा सरळ. अतुल बुंध्याकडे बघू लागला. आणि मग ते झालं. खेळाडू फटक्याला उभा राहिला की मार्करने श्वाससुद्धा जपून घ्यायचा असतो. तीस वर्षांत रामराव अशा वेळी एकदाही बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "फिरवत नोको बसू. मार आता." अतुलने मान वर करून बापाकडे पाहिलं. मग काठी जशी हातात होती तशीच घेऊन तो वाकला आणि मारलं. काळा चेंडू खिशाच्या ओठाला लागून बाहेर आला. समोरच्याने तो घातला. टाळ्या वाजल्या. रामरावांना इतकी लाज वाटली की कुणी विचारायच्या आधीच ते धरमसिंगला, सेक्रेटरी साहेबांना, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "काठी सीधी हाय. मी स्वतः पाह्यली. हात वाकडा हाय पोट्ट्याचा." अतुल काठी पुसत होता. त्याने ती शेवटपर्यंत नीट पुसली, पिशवीत घातली आणि घरी गेला. पुन्हा तो टेबलाजवळ आला नाही. ट्रकवर जायला लागला. चौदा महिन्यांनी पाटणबोरीच्या पुढे, बंद पडलेल्या गाडीखाली वाकून काहीतरी बघत असताना, मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्याला नेलं.

घरी आले तेव्हा चार वाजले होते. दीपा अंगणवाडीतून यायची होती. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी अतुलचा फोटो आणि त्याखाली खिळ्याला दोरीने टांगलेली ती काठी. काठी भिंतीला टेकवून ठेवू नये, बाक येतो, टांगून ठेवावी. हे रामरावांनीच बजावलं होतं आणि तेराव्यानंतर त्यांनीच ती टांगली होती. तीन वर्षांत त्यांनी तिची धूळ पुसली, पण गालाशी टेकवली नाही. त्यांनी दोरी सोडली आणि काठी घेऊन क्लबाकडे चालू लागले. वसाहत आता अर्धी रिकामी आहे, खाणीचं काम कमी झालं, साहेब लोक वणीला राहतात. क्लबाच्या पायरीवर धरमसिंग बिडी ओढत बसला होता. रामरावांच्या हातातली काठी बघून तो उठून उभा राहिला. त्याने किल्ली काढली.

टेबलावर जुनी चादर होती. दोघांनी ती दोन्हीकडून धरून काढली. कापड विटलं होतं, पण खालची दगडी पाटी तशीच होती, रामरावांनी पाणसळ लावून लावून जिची पातळी एकतीस वर्षं राखली होती ती. तिच्याबद्दल त्यांना शंका नव्हती. भिंतीवर ती पाटीही होती, टेबलावर काठी लाटू नये. रामरावांनी काठी टेबलावर आडवी ठेवली, तळहात पसरून वर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा ढकलली. धरमसिंग हळू आवाजात म्हणाला, "मार्करसाहेब, तुमी लाटून राह्यले?" काठी चालली आणि पहिल्याच वळणाला उचलली गेली. टक. पुन्हा टक. खालून उजेडाची फट उघडली, मिटली, उघडली. धावड्याचं लाकूड कापडाखालच्या दगडावर वाजत गेलं आणि कडेला जाऊन थांबलं. रामरावांनी दोन्ही हातांनी ते धरून अगदी हळू फिरवलं, फट जिथे सगळ्यात मोठी होते तिथे आणलं. मधोमध करंगळी जाईल एवढी कमान. तिथेच धरून ठेवून त्यांनी बुंध्याकडे नजर नेली. काळा ठिपका बरोब्बर वर होता.

म्हणजे नजर लागू नये म्हणून नव्हता तो. त्या बाजूने काठी धरली की बाक आकाशाकडे जातो, डावीउजवीकडे जात नाही, आणि अशा काठीनेही चेंडू सरळ मारता येतो, ठिपका वर असेल तर. आणि त्याच बाजूने ती एका विशिष्ट डोळ्याला लावली, जो डोळा सगळ्या जगाला मध्यावर खाली दाबतो, तर ती सरळ दिसते. सरळ लाकूड घेऊन पोराने तीन आठवडे ते बापाच्या डोळ्याच्या मापाने वाकवलं होतं. आणि बाप म्हणाला फिरवू नको, तर त्याने फिरवलं नाही. रामरावांना टेबलाच्या कडेवर कपाळ टेकवून हंबरडा फोडावासा वाटला. पण एवढ्या मोठ्या हॉलमध्ये त्यांच्या गळ्यातून आवाज आला तो फार लहान आला. धरमसिंगने बिडी विझवली, पाण्याचा पेला आणला. पाणी पिऊन रामराव म्हणाले, "त्या दिवशी मी सगळ्याइसमोर बोल्लो होतो. पोट्ट्याचा हात वाकडा हाय म्हणून. याद हाय तुले?"

धरमसिंग म्हणाला, "कायले काढता आता ते."

"नव्हता," रामराव म्हणाले. "तुले म्हणून सांगून राह्यलो. तू होता तिथं. नव्हता वाकडा." ज्या हॉलने तो शब्द ऐकला होता त्या हॉलमधला आता एवढा एकच माणूस उरला होता. धरमसिंगने मान हलवली. दोघांनी चादर पुन्हा टेबलावर ओढली, चारही कोपरे खाली नीट घेतले.

दीपा आली होती. तिने चहा टाकला होता आणि भिंतीवरचा रिकामा खिळा तिने पाहिला होता, कारण सासऱ्यांना दारात काठीसकट बघून तिने सरळ डोळ्याचाच विषय काढला. डॉक्टर काय म्हणाले, एवढं विचारलं. रामरावांनी सांगितलं की उजव्या डोळ्यावर सुरकुती आहे, जुनी आहे, सरळ रेघ वाकडी दिसते. दीपा चहा गाळत होती. तिला नवल वाटलं नाही. रामरावांनी ते पाहिलं. माणसाला नवल वाटलं नाही हे बघायला कुठला डोळा लागत नाही. मग त्यांनी तिला विचारलं की तुला ठाऊक होतं का. ती खाली बसली. म्हणाली की पहिल्या दिवशी क्लबात न्यायच्या आधी त्यांनी ती इथे फरशीवर लाटून दाखवली होती मला. काही आवाज नव्हता, मामाजी. मांजर गेल्यावानी गेली होती. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती त्यांनी. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी टेबलापाशी उभे राहिले नसते, आणि निवृत्तीला वर्षच राहिलं होतं. मग ते गेले. मग मी कोणत्या तोंडाने सांगू. एवढं सगळं ती एका सुरात बोलली, इतके दिवस पाठ करून ठेवल्यासारखी. रामरावांच्या हातातला चहा निवत चालला होता. त्यांना एकच विचारायचं होतं.

"त्या मॅचच्या दिवशी घरी आला तं काही बोल्ला का तो? माह्यावर चिडला का?"

दीपाने पदराने तोंड पुसलं. "मी रागावलती त्यायच्यावर," ती म्हणाली. "म्हटलं, तुमाले माहीत होतं ना, मंग काहून नाई फिरवली काठी? तं म्हणे, बाबा कधी खेळात बोलत नाईत, दीपा. आज पह्यल्यांदा बोल्ले. त्यायचं ऐकावं नाई का मी?"

बाहेर कुणीतरी पोरांना हाका मारत होतं. दीपा उठून दिवा लावायला गेली. जाता जाता म्हणाली की गुरुवारी मी रजा टाकते, सोबत येते, ऑपरेशनला एकट्याने जायचं नाही. रामराव बरं म्हणाले. मग त्यांनी काठी घेतली, बोटांनी चाचपून ठिपका वर आणला, बुंधा गालाशी टेकवला आणि डावा डोळा मिटला. ती सरळ होती. कुठेही न अडखळता नजर टोकापर्यंत गेली. रेघ अगदी अतुलने धरून दाखवली होती तशी होती. साऱ्या जगात ती याच एका डोळ्यात सरळ होती, आणि पोराने ती याच डोळ्यासाठी केली होती. हात दुखायला लागला तरी रामराव तसेच बघत राहिले. गुरुवारला अजून तीन दिवस होते.